चहाचं चिनी-जपानी अक्षर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी जपानी शिकले, मग काही वर्षांनी चिनी. दोन्ही भाषांमध्ये जे एक अक्षर मला अजून सोडत नाही ते हे चहाचं. ओळखीतले, क्लासमधले, अगदी नातेवाईकसुद्धा याच्याबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

हे अक्षर नक्की दिसतं कसं? मला कुठे बघायला मिळेल?

घरात कोणी ग्रीन टीचा किंवा माच्चाचा (म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा) जपानी डबा आणला असेल तर तो हातात घ्या. त्यावर मोठी दोन अक्षरं असतील, त्यातलं दुसरं हे. वरून खाली लिहिलेलं असेल तर खालचं. नऊ रेघा असतात. सगळ्यात वर एक आडवी रेघ आणि तिला छेदणाऱ्या दोन छोट्या उभ्या रेघा, हे गवताचं म्हणजे वनस्पतीचं चिन्ह. त्याखाली घराच्या छपरासारख्या दोन तिरक्या रेघा. छपराखाली एक आडवी, तिला कापणारी एक उभी, आणि उभीच्या दोन बाजूंना दोन छोटे फटकारे. झालं.

एक गोष्ट मला फार आवडते. चीनने विसाव्या शतकात अक्षरं सोपी केली, जपाननेही आपल्या पद्धतीने केली, त्या भानगडीत कितीतरी अक्षरं दोन देशांत वेगवेगळी दिसायला लागली. हे मात्र बीजिंगमध्ये, तैपेईमध्ये आणि क्योतोमध्ये जवळपास सारखंच राहिलं. जपानी मुलं ते दुसरीतच शिकतात.

वर गवत, मध्ये माणूस, खाली झाड, म्हणजे ‘निसर्गाच्या कुशीतला माणूस’ असा अर्थ आहे ना?

नाही. हे इतक्या ठिकाणी लिहिलेलं असतं की लोकांना खरंच वाटतं, चीनमध्येसुद्धा चहाच्या दुकानात ही गोष्ट आवडीने सांगतात. अक्षर लक्षात ठेवायला छान आहे, मीही पहिल्यांदा तसंच पाठ केलं होतं, पण अक्षर बनलं ते असं नाही.

बहुतेक चिनी अक्षरं दोन तुकड्यांची असतात, एक तुकडा साधारण अर्थ सांगतो आणि दुसरा साधारण उच्चार. इथे वरचं गवत अर्थ सांगतं, ‘ही काहीतरी वनस्पती आहे’. खालचा माणूस आणि झाड हे मुळात वेगळे नाहीतच, तो सगळा मिळून एकच तुकडा आहे आणि तो फक्त उच्चारासाठी आलाय. तोच तुकडा ‘वाट’ आणि ‘लेप देणे’ या अर्थांच्या अक्षरांतही बसलेला आहे, आणि त्या दोन्हींचा उच्चार आज ‘थू’ असा होतो. त्या अक्षरांत ना माणूस आहे ना झाड. मग चहाच्या अक्षरातच तो माणूस कुठून येणार?

आता तुम्ही म्हणाल, थू कुठे आणि चहा कुठे. तीच खरी गंमत आहे, पुढे वाचा.

मग हे अक्षर आलं कुठून?

एका कडू भाजीपासून.

चहाच्या अक्षरात छपराखाली एक आडवी रेघ आहे ना, तिथे दोन आडव्या रेघा काढा. दहा रेघांचं जे अक्षर तयार होतं त्याचा उच्चार ‘थू’, आणि ते खूप जुनं आहे. चीनच्या सगळ्यात जुन्या काव्यसंग्रहात, ‘शीचिंग’मध्ये, टाकलेली एक बायको म्हणते की कोण म्हणतं थू कडू असते, मला तर ती गोड लागते. म्हणजे तिचं दुःखच इतकं कडू की त्यापुढे ती भाजीसुद्धा गोड. आपल्याकडे कारल्याचं नाव घेऊन जसं बोलतील तसंच.

चहाचं पानही कडूच, त्यामुळे त्यालाही लोक थूच म्हणायला लागले आणि तेच अक्षर वापरायला लागले. ‘अरया’ नावाच्या जुन्या शब्दकोशात एका झाडाला ‘कडू थू’ म्हटलंय, आणि चौथ्या शतकाच्या सुरुवातीला क्वो फू नावाच्या पंडिताने त्यावर टीप लिहिली की हे छोटं झाड असतं, याची पानं उकळून पितात, लवकर खुडलेल्याला थू म्हणतात आणि उशिरा खुडलेल्याला मिंग. इथे बोलणं चहाबद्दलच चाललंय यात शंका नाही. पण त्याच्या आधीचा मजकूर वाचताना अभ्यासक अडखळतात. इ. स. पू. ५९ मधला, चीनच्या सछ्वान प्रांतातला एक मजकूर आहे, नोकराने काय काय कामं करायची त्याचा करारनामा, त्यात ‘थू उकळायची’ आणि ‘बाजारातून थू आणायची’ असं आहे. भाजी का चहा? यावर आजही वाद घालतात. म्हणजे एकाच अक्षरात दोन वस्तू कोंबल्या की काय होतं ते बघा.

चहा पिणं मात्र त्याच्याही आधीचं आहे. चीनमधल्या शीआन शहराजवळ सम्राट चिंगची कबर आहे, तो इ. स. पू. १४१ मध्ये गेला, आणि त्या कबरीच्या खड्ड्यांत सापडलेली पानं चहाचीच असल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. चहा होता, फक्त त्याला स्वतःचं अक्षर नव्हतं.

ती एक रेघ कोणी आणि कधी काढली?

एका माणसाने नाही काढली. थांग राजवटीत, आठव्या-नवव्या शतकात, चहा घरोघरी गेला आणि मग भाजीचं अक्षर त्याला पुरेना. ७३५ मध्ये सम्राट श्वानझुंगच्या काळात जो अक्षरकोश झाला त्यात नवीन रूप आलेलं होतं असं लू यू सांगतो. हा लू यू म्हणजे चहावरचं पहिलं मोठं पुस्तक ‘छाचिंग’ लिहिणारा, जन्म ७३३, मृत्यू ८०४. त्याने चहाची पाच नावं दिलीत आणि त्यात नऊ रेघांचं अक्षर पहिलं ठेवलंय. पुस्तक गाजलं आणि अक्षरही बसलं.

पण पुस्तकं पुढे हाताने उतरवून घेतली जातात, उतरवणारा आपल्या काळाप्रमाणे अक्षर बदलू शकतो, म्हणून मला दगडावरचा पुरावा जास्त पटतो. सतराव्या शतकात कू यानवू नावाचे एक अभ्यासक थाय पर्वतावर जाऊन थांग काळातले शिलालेख स्वतः वाचत बसले. त्यांना दिसलं की ७७९ आणि ७९८ च्या लेखांत अजून जुनंच अक्षर आहे, दोन आडव्या रेघांचं. आणि दुसरीकडच्या, ८४१ आणि ८५५ च्या शिलालेखांत एक रेघ गेलेली आहे. साठेक वर्षांत अक्षर बदललं, आणि ते दगडात मोजता येतं! मला ही माहिती पहिल्यांदा कळली त्या रात्री मी झोपलेच नाही लवकर.

आता पुढचं ऐका. ८४१ चा तो शिलालेख, प्रसिद्ध सुलेखनकार ल्यू कुंगछ्वान यांच्या हातचा, आज शीआनच्या शिलालेख संग्रहालयात आहे. त्यात हे अक्षर चहासाठी आलेलंच नाही. तो एका बौद्ध भिक्षूचा स्मृतिलेख आहे आणि तिथे हे अक्षर दहनाच्या शब्दात आलंय. तो शब्द चिनी नाही, आपल्याकडचा आहे, पालीतला ‘झापेति’, म्हणजे जाळतो, दहन करतो. त्याच वाक्यात पुढे दहनानंतर मिळालेल्या अस्थिधातूंसाठी जो शब्द आहे तो तर सरळ ‘शरीर’ वरून आलाय. जपानीत आजही भिक्षूच्या दहनाला ‘दाबी’ म्हणतात, हाच शब्द.

म्हणजे या अक्षराचा भारताशी संबंध आहे?

चहाच्या अक्षराच्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे त्या दहा रेघांच्या अक्षराचा, नक्की आहे. आणि मला वाटतं हे मराठी माणसाला सगळ्यात चटकन कळेल कारण आपल्याकडे ‘ड’ आहे.

बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना भाषांतरकारांना संस्कृत शब्दांचे उच्चार चिनी अक्षरांत बसवायचे होते. ‘ड’ आला की ते अनेकदा हे अक्षर घ्यायचे. ‘मंडल’ हा शब्द लिहिताना मधल्या ड साठी हेच. जपानी देवळांत जी मंडलांची चित्रं टांगलेली असतात त्यांना ‘मांदारा’ म्हणतात आणि त्या शब्दाच्या मधोमध ही कडू भाजी अजून बसलेली आहे. ‘डाकिनी’ चा पहिला ड सुद्धा याच अक्षराने लिहितात. म्हणजे थांग काळात या अक्षराचा उच्चार जिभेचं टोक मागे वळवून केलेल्या ड च्या जवळ होता, हे आपल्याच शब्दांवरून दिसतं.

मग त्या ‘ड’ चा ‘च’ कसा झाला? आणि इंग्रजीत ‘टी’ कसं?

दोन्ही त्याच एका ‘ड’ ची पोरं आहेत.

इंग्रजीतला ‘ट्री’ हा शब्द भराभर पाच-सहा वेळा म्हणून बघा, तो हळूहळू ‘च्री’ होतो. जीभ मागे वळलेली असताना ट-ड सैल सोडला की च सारखा आवाज निघतो. उत्तर चीनमध्ये असंच झालं, तो आवाज आज जीभ वळवून म्हटलेला ‘छा’ आहे, सूर खालून वर जाणारा, आपण प्रश्न विचारताना आवाज चढवतो तसा. दक्षिणेला कँटनमध्येही ‘छा’ च, फक्त सूर खाली उतरतो. पण आग्नेय चीनमधल्या फूच्येन किनाऱ्यावरच्या लोकांनी जुना ट सोडलाच नाही, ते म्हणतात ‘टे’.

बाकी मग कोणी कोणाकडून विकत घेतला याची गोष्ट. पोर्तुगीज मकाऊमध्ये होते, कँटनच्या शेजारी, म्हणून पोर्तुगीजमध्ये ‘शा’, जुन्या काळी ‘चा’. डच लोकांचा व्यापार फूच्येनच्या व्यापाऱ्यांशी, म्हणून त्यांच्याकडे ‘टे’, आणि तिथून पश्चिम युरोपभर, इंग्रजीत ‘टी’. खुष्कीच्या मार्गाने मध्य आशिया, इराण, रशिया, तुर्कस्तान इकडे ‘चाय’.

आपला चहा च वाल्या घरातला. गावाकडे ‘च्या’ म्हणतात, तो तर जपानी उच्चाराच्या इतका जवळ आहे की माझ्या सासूबाई ‘च्या ठेवते’ म्हणाल्या की मला जपानी ऐकल्यासारखं वाटतं. तमिळमध्ये मात्र चहाच्या पानाला ‘तेयिलै’ म्हणतात, म्हणजे ते ट वाले. मल्याळममध्ये दोन्ही आहेत, पान ‘तेयिला’ आणि प्यायचा तो ‘चाया’. एकाच स्वयंपाकघरात दोन्ही भावंडं.

जपानीत उच्चार ‘च्या’ का ‘सा’?

दोन्ही. एकटं असलं की ‘च्या’, आदराने ‘ओच्या’. च म्हणजे ‘चार’ मधला, ‘चाक’ मधला नाही, हे मराठी मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. ‘सा’ हा उच्चार काही ठरावीक शब्दांत, जसं ‘किस्सातेन’ म्हणजे जुन्या धाटणीचं कॉफी हाउस, जिथे बहुतेक लोक कॉफीच पितात. चहाच्या विधीला ‘सादो’ म्हणतात आणि ‘च्यादो’ सुद्धा, दोन्ही बरोबर.

यात बघण्यासारखं काय तर या अक्षराला अस्सल जपानी उच्चार नाहीच. डोंगर, नदी, माणूस अशा अक्षरांना चिनीवरून आलेला एक उच्चार असतो आणि घरचा जपानी एक असतो. चहाला घरचा नाही, कारण वस्तूच बाहेरून आली आणि नाव घेऊनच आली. ८१५ मध्ये एइच्यू नावाच्या भिक्षूने सम्राट सागाला चहा करून दिल्याची नोंद आहे, हा भिक्षू कितीतरी वर्षं चीनमध्ये राहून आलेला होता. मग मधे बराच काळ चहा मागे पडला आणि ११९१ मध्ये एइसाई नावाचा भिक्षू चीनहून परतला त्यानंतर तो नव्याने रुजला. त्याने चहाचे आरोग्याला फायदे सांगणारं पुस्तकही लिहिलं, १२११ मध्ये.

अक्षराचा अर्थ फक्त चहाच का?

जपानीत अजिबात नाही, तिथे हे अक्षर खूप लांबवर पसरलंय.

पहिलं म्हणजे रंग. तपकिरी रंगाला जपानीत ‘च्याइरो’ म्हणतात, चहाचा रंग. आपल्याला गोंधळ होतो कारण जपानी चहा तर हिरवा! पण पानं उकळून कापड रंगवलं की तपकिरी येतं, आणि साधा घरगुती चहाही हिरवट नव्हताच पूर्वी. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, सामान्य लोकांना भडक रंग घालायला बंदी होती तेव्हा रंगाऱ्यांनी तपकिरी आणि राखाडीतच इतक्या छटा काढल्या की ‘अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर राखाडी’ अशी म्हणच पडली, तिथेही तपकिरीसाठी हेच अक्षर.

दुसरं, ‘च्यावान’. शब्दशः चहाची वाटी, पण आज घराघरात भाताच्या वाटीला च्यावान म्हणतात. मी पहिल्यांदा एका जपानी आजींकडे जेवायला गेले होते, त्यांनी सांगितलं च्यावान घेऊन ये, आणि मी कपाटातून कानाशिवायचे चहाचे कप घेऊन आले. आजींनी न बोलता मला भाताची वाटी हातात दिली, निळी, काठाला एक छोटा टवका उडालेली, आणि दोन्ही हातांनी कशी धरायची ते दाखवलं. तो शब्द मी परत विसरले नाही.

घरातली सगळ्यांनी मिळून बसायची खोली म्हणजे ‘च्यानोमा’. रोजचीच, काही विशेष नसलेली गोष्ट म्हणजे ‘चहा-भाताची बाब’. कोणी बोलताना मधे चेष्टेने तोंड घातलं तर त्याने ‘च्याच्या टाकला’. प्रश्नाला गोलमाल उत्तर दिलं तर ‘चहा गढूळ केला’. तोक्योमध्ये ओच्यानोमिझु म्हणून भाग आहे, अर्थ ‘चहाचं पाणी’, तिथलं पाणी शोगुनच्या, म्हणजे त्या काळच्या लष्करी शासकाच्या, चहासाठी जायचं. आणि कपात चहाचा देठ उभा तरंगला तर शुभ मानतात.

चीनमध्ये अर्थ चहाच्या जवळच राहतो पण म्हणी भरपूर. साध्या खाण्याला ‘जाडाभरडा चहा आणि बेचव भात’, आपल्या मीठभाकरीसारखं. संसाराला रोज लागणाऱ्या सात गोष्टी म्हणजे सरपण, तांदूळ, तेल, मीठ, सोया सॉस, व्हिनेगर आणि चहा. आणि ‘माणूस गेला की चहा थंड’, म्हणजे खुर्ची गेली की कोणी विचारत नाही.

आपला दुधाचा चहा याच अक्षराने लिहितात का?

ज्याला आपण काळा चहा म्हणतो त्याला चीन आणि जपान दोघंही ‘लाल चहा’ म्हणतात, आपण पानांचा रंग बघतो, ते पाण्याचा बघतात. चीनमध्ये ‘काळा चहा’ मागितलात तर पूअर सारखा आंबवून मुरवलेला, मातकट वासाचा वेगळाच चहा समोर येतो. दुधाच्या चहाला चिनीत ‘नायछा’. जपानमध्ये मसाल्याच्या चहाला ‘च्याई’ म्हणतात आणि तो बाहेरच्या शब्दांच्या लिपीत लिहितात, या अक्षराने नाही. म्हणजे जपानीत तो शब्द दोनदा आला, एकदा थेट चीनमधून आणि एकदा भारताला वळसा घालून.

१०८ चा आणि या अक्षराचा काय संबंध?

जपानमध्ये १०८ व्या वाढदिवसाला ‘च्याजु’ म्हणतात, चहाचं आयुष्य. अक्षर फोडून बघा. वरचं गवत म्हणजे शेजारी शेजारी दोन ‘दहा’, झाले २०. छप्पर म्हणजे ‘आठ’. त्याखाली आडवी-उभी म्हणजे ‘दहा’, आणि दोन फटकारे परत ‘आठ’. आठ-दहा-आठ असं लिहिलं की ८८ (आठ दहा म्हणजे ८०, वर ८). २० आणि ८८ मिळून १०८. भाताच्या अक्षरातूनही असेच ८८ निघतात म्हणून ८८ वा वाढदिवस भाताचा. चीनमध्येही म्हाताऱ्या माणसाला ‘भातावर थांबू नका, चहापर्यंत चला’ अशा शुभेच्छा देतात. आणि जपानी पंचांगात वसंताच्या सुरुवातीपासून अठ्ठ्याऐंशीवा दिवस, मे च्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला, चहाची पहिली कोवळी पानं खुडायचा.

हे अक्षर टॅटू म्हणून काढू का?

काढा, अक्षर सुंदरच आहे, पण काढणाऱ्याला आधी कागदावर काढायला लावा आणि स्वतः रेघा मोजा. एक आडवी रेघ जास्त पडली की ते जुनं कडू भाजीचं अक्षर होतं, आणि आजच्या चिनीत ते छळ, यातना या अर्थाच्या शब्दात येतं. दंडावर ते कायमचं नको. खात्री करायची असेल तर फोनवर चिनी किंवा जपानी कीबोर्ड टाका, ‘सी एच ए’ टाइप करा, पहिल्या काही पर्यायांत येतं. युनिकोड क्रमांक ८३३६. मग मोठं करून बघा: गवताच्या तीन, छपराच्या दोन, खाली चार.